पाटातली काडी



एका एकादशीला कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी गृहस्थ जवळ आले नि म्हणाले, "बुवा, यात्रेला गेल्यावर देवदर्शन करावे आणि परत यावे. वाटेत राजेरजवाड्यांच्या जुन्या बागा बघत हिंडणे वारकऱ्याला शोभते काय? तो इंद्रियांचा लाड नव्हे काय?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज त्याचे उत्तर देतो. उत्तरात माझीच लाज उघडी पडणार आहे. पण संतांच्या दारात झाकून ठेवायचे ते काय?

२०२३ साली आषाढीची वारी झाली, पौर्णिमेचा गोपाळकाला घेतला, आणि आम्ही काही मंडळी अमरनाथाला गेलो. ते वर्ष अधिक श्रावणाचे. दर्शन घेऊन श्रीनगरला उतरलो. गाडीला एक दिवस अवकाश होता. मंडळी म्हणाली, "चला, बागा तरी पाहू." मीही निघालो. मनात म्हटले, फुले बघू, सावलीला बसू, हरिपाठ म्हणू.

प्रथम शालिमार बाग पाहिली. दल सरोवराच्या काठाकडची ही बाग जहांगीर बादशहाने इ. स. १६१९ च्या सुमारास करविली. पुढे शहाजहानच्या काळात तिचा विस्तार होऊन वरच्या भागात काळ्या दगडाची बारादरी उभी राहिली. बाग एका पातळीवर नाही. जिन्याच्या पायऱ्यांसारखे टप्पे आहेत. खालचा टप्पा लोकांसाठी, मधला खाशांसाठी, वरचा राणीवशासाठी. मधोमध पाण्याचा रुंद पाट, दोहों अंगांना चिनाराची थोरली झाडे. एके ठिकाणी पाणी भिंतीवरून पडद्यासारखे पडते आणि पडद्याआड भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. त्यात दिवसा फुले नि रात्री दिवे ठेवीत, म्हणजे पाण्याच्या आडून ज्योती लुकलुकत. माणसाने सुखाची कल्पना करावी तरी किती!

आणि ज्याने ती केली त्याचे काय झाले? काश्मीरवर त्याचा जीव जडला होता. इ. स. १६२७ साली काश्मीरहूनच परतताना लाहोरच्या वाटेवर त्याचा देह पडला. बाग मागे राहिली, धनी निघून गेला. येथपर्यंतचे कीर्तन कोणीही करील. वैराग्याचे असे दाखले आपल्याला तोंडपाठ असतात. मीही मनातल्या मनात ते जुळवून ठेवले. पुढच्या बागेत जे ऐकायला मिळाले, ते मात्र जुळवलेले नव्हते.

दुसरी बाग निशात. ही बादशहाची नव्हे. नूरजहानचा भाऊ, मुमताजमहलचा बाप, म्हणजे शहाजहानचा सासरा जो आसफखान, त्याने ती इ. स. १६३३ च्या सुमारास केली. पाठीशी डोंगर, पुढ्यात दलाचे पाणी. बारा राशींचे बारा टप्पे, असा तिचा मूळचा घाट. डोंगराचे पाणी वरून सोडायचे. ते एकेक टप्पा उतरत, पाटापाटांतून खेळत, कारंज्यांतून उडत शेवटी सरोवराकडे जायचे. त्या काळी ना मोटार ना इंजिन. वरच्या पाण्याच्या दाबानेच खालचे कारंजे उडे. उतार साधला की पाणी आपण होऊन काम करते, ही त्या कारागिरांची विद्या.

तेथे एक म्हातारा माळी पाटाच्या कडेला उकिडवा बसून पाण्यातली पाने, काड्या वेचीत होता. मी हिंदीत विचारले, "बाबा, एवढी मोठी बाग तुम्ही सांभाळता?" तो म्हणाला, "मी कुठली सांभाळतो? पाणी डोंगराचे, झाडे मातीची. मी फक्त पाटातली काडी काढतो. काडी निघाली की पाणी आपले आपण येते."

मग त्यानेच त्या बागेची कथा सांगितली. इतिहासाच्या कागदात ती किती सापडेल ते विद्वानांनी पाहावे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शहाजहान ही बाग पाहायला आला. पाहून इतका खूश झाला की तीन वेळा वाखाणणी केली. त्याला वाटले, आता सासरेबुवा म्हणतील, "महाराज, ही आपलीच घ्या." पण आसफखान काही बोलला नाही. बादशहाच्या मनात काटा रुतला. शालिमारला आणि निशातला पाणी एकाच वाटेने येई. त्याने हुकूम सोडला, "निशातचे पाणी तोडा."

आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. या जावयाने वाणाची वाट पाहिली आणि ते मिळेना तेव्हा सासऱ्याचे पाणी तोडले! हसू नका माउलींनो, पुढे आपल्यावरच यायचे आहे.

पाणी तुटले तशी कारंजी थांबली, पाट कोरडे पडले. आसफखान खिन्न होऊन एका झाडाखाली पडून राहिला. धन्याचे ते दुःख एका चाकराला बघवेना. बादशहाचा हुकूम मोडला तर मान जाईल हे त्याला ठाऊक होते. तरी तो गेला आणि त्याने पाण्याची वाट मोकळी केली. पाण्याचा आवाज ऐकून आसफखान दचकून उठला, घाबरला, म्हणाला, "बंद कर!" बातमी बादशहाच्या कानी गेली. सगळ्यांना वाटले, आता चाकराचे डोके उडणार. पण त्या चाकराची धन्यावरची निष्ठा पाहून बादशहाचेच मन पालटले. त्याने शिक्षा केली नाही, उलट पाणी कायमचे चालू करून दिले.

माळ्याने कथा संपवली आणि पुन्हा काड्या वेचायला लागला. मंडळी "वा, वा" म्हणाली. मी मात्र काही बोलू शकलो नाही. माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माझ्या गावी माझ्या चुलतभावाचे पाणी मी स्वतः तोडून आलो होतो.

आता ते सांगतो. आमच्या आज्याने पाडलेली विहीर दोन्ही घरांत सामायिक. आठवड्याची पाळी ठरलेली. विहीर माझ्या हद्दीत, आणि दादाच्या मळ्याकडे जाणारा पाट माझ्या रानातून. त्या चैत्रात बांधावरून बोलाचाल झाली. मी म्हणालो, "तू बांध कोरलास." तो म्हणाला, "कोरला तो तूच." दोन हात जमिनीचा वाद! दुसऱ्या दिवशी मी पाटात चार पाट्या माती टाकून तोंड बंद केले. त्याची कागदी लिंबाची चाळीस झाडे होती. वहिनी घागरींनी पाणी वाहत होती, ते मी माझ्या ओसरीवरून पाहत होतो. आणि त्याच ओसरीवर संध्याकाळी हरिपाठ म्हणत होतो. तशीच वारी केली, चंद्रभागेत बुडी मारली, कळसाला हात जोडले. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

माउलींनी बाराव्या अध्यायात भक्ताला पाण्याचा धडा दिला आहे. माळी वळवील तिकडे पाणी जाते, तक्रार करीत नाही. भक्ताने ईश्वराच्या हाती तसे व्हावे. मी त्यावर दोन दोन तास निरूपण केले आहे. पण पाणी व्हायचे सोडून मी पाटातली माती झालो होतो. देवाची कृपा वरून येतच असते, तिला उतार पुरेसा आहे. ती अडते ती आपण टाकलेल्या काडीकचऱ्याने. आणि मजा अशी की भावाच्या दिशेचा पाट बुजवला म्हणजे आपल्याही हृदयातले कारंजे बंद पडते. हरिपाठात माझे मन का लागत नव्हते, ते मला परमुलुखातल्या त्या बागेत कळले.

येथे सावता महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अरणगावचे सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत. झाडाला पाणी देणे हीच त्यांची पूजा. म्हणून पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आले, अशी आपली संप्रदायाची श्रद्धा आहे. शके १२१७ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. आजही पंढरीहून देवाची पालखी अरणला जाते. राजाच्या बागेत राजा पाहुणा असतो. सावतोबांच्या मळ्यात देव पाहुणा झाला. का? तेथे पाटात काडी नव्हती.

यात्रेहून घरी आलो तो ऑगस्ट लागलेला. त्या वर्षी तो महिना कोरडाच गेला हे तुम्हांला आठवत असेल. फराळ न करता खोरे घेऊन पाटावर गेलो आणि माती काढली. मोटार चालू केली. दादा पलीकडच्या वाफ्यात उभा होता. मला वाटले होते, तो धावत येईल, गळाभेट होईल, कीर्तनात होते तसे. तसे काही झाले नाही. पाणी त्याच्या हद्दीत शिरले तसा तो खाली वाकला आणि मुकाट्याने दारे धरू लागला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. अकरा झाडे तोवर वाळून गेली होती. ती परत आली नाहीत. पश्चात्तापाने पाट मोकळा होतो, वाळलेले झाड हिरवे होत नाही. म्हणून उशीर करू नये.

दिवाळीत वहिनीने पोराच्या हाती लिंबाच्या लोणच्याची बरणी धाडली. पोर म्हणाले, "बुवाकाका, आईनं दिलंय." त्या दिवशी मी जेवताना रडलो. पुढच्या पावसाळ्यात त्या अकरा खड्ड्यांत रोपे मी लावली. खड्डे दादाने काढले. बांध कोणाचा, हे अजून ठरलेले नाही. आता ठरवायची घाईही नाही.

तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे. जुन्या बागा अवश्य पाहाव्यात. पण फुले नि कारंजी पाहून झाली की दोन गोष्टी विचाराव्यात. येथे पाणी कोठून येते? आणि पाटातली काडी कोण काढतो? बांधणाऱ्याचे नाव फलकावर सापडते, काडी काढणाऱ्याचे सापडत नाही. पण चारशे वर्षे बाग हिरवी राहिली ती त्याच्या हातामुळे. नित्यनेम म्हणतात तो हाच. एकदा थाटाने लावून भागत नाही, रोज वाकावे लागते.

आणि घरी आल्यावर आपला पाट तपासावा. आपल्या हाताने कोणाचे पाणी अडले आहे? भावाचे, बहिणीच्या वाट्याचे, गड्याच्या मजुरीचे? असेल तर आधी खोरे उचलावे, मग टाळ.

एवढी सेवा संतचरणी ठेवून थांबतो. रामकृष्णहरि!