रबराखालचे स्क्रू

तुळशीचं लग्न झालं की रत्नागिरीकडच्या फोटोग्राफरांना दम खायला फुरसत नसते. अशाच एका हंगामात एका तरुण फोटोग्राफरच्या झूम लेन्सवरचं रबर सैल पडलं. अंतरपाट दूर झाला, नवरीने हार उचलला, त्याने झूम फिरवली, तर बोटांखाली नुसतं रबर फिरलं. रिंग जागची हललीच नाही. तो फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी तो खिशात सुपरग्लू घेऊनच दुरुस्तीवाल्या काकांकडे पोचला. "काका, दोन थेंब सोडा फक्त. संध्याकाळी हळद आहे."

काकांनी खणातून दुसरीच एक लेन्स काढली. तिचं रबर कुणीतरी असंच चिकटवलं होतं. पुढे झूम अडकली. लेन्स उघडायचे काही स्क्रू बऱ्याचदा या रबराखाली असतात. काढताना रबराचे तुकडे झाले होते आणि स्क्रूंच्या खाचांत वाळलेला ग्लू घट्ट बसला होता. पेचकस धरतच नव्हता.

"भिंगं ठणठणीत आहेत हिची," काका म्हणाले, "पण आत जायला वाट नाही."

मग त्यांनी तरुणाच्या लेन्सचं रबर टूथपिकने कडेकडेने उचलून अख्खं काढलं. आतल्या बाजूला बोट फिरवलं. तेलकट, बुळबुळीत.

"हाताला काय लावतोस?"

"डासांचं क्रीम. रात्री मांडवात उभं राहवत नाही."

अशा क्रीमने, हाताच्या तेलाने रबर फुगतं, मग रिंग सोडतं. ग्लू लावला असता तर हे कळलंच नसतं आणि त्याच्या दुसऱ्या लेन्सचीही तीच गत झाली असती. घाईच्या दुरुस्तीत मला सगळ्यात वाईट वाटतं ते हेच: दुखणं राहतं आणि त्याचं कारण झाकलं जातं.

रबर फार फुगलं नव्हतं. काकांनी ते साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवलं. रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तिच्यावर पातळ डबल टेप लावली, स्क्रूंची भोकं तेवढी मोकळी ठेवली. टेपचं एक टोक नखभर दुमडलं. मग रबराची खाच रिंगेवरच्या उंचवट्याशी जुळवून ते हळूहळू चढवलं.

"हे टोक कशाला दुमडलंत?"

"पुढे उघडणाऱ्याला धरायला नको?"

"मी तुमच्याकडेच आणणार ना!"

"आणशील रे. पण दर वेळी मीच असेन कशावरून?"

दोन वर्षांनी मुंबईत एका लग्नात तीच झूम अडकली. सकाळी तो फोर्टातल्या बोरा बाजारात गेला. तिथल्या कारागिराने रबर उचललं, टोक धरून टेप ओढली आणि स्क्रू सोडवले. आतला एक स्क्रू ढिला होऊन आडवा आला होता. संध्याकाळच्या रिसेप्शनला लेन्स चालू होती.

पैसे घेताना कारागिराने रबर आधी कुणी बसवलं होतं ते विचारलं आणि काकांचा नंबर वहीत लिहून घेतला. "तुमच्या बाजूची गिऱ्हाइकं येतात आमच्याकडे," तो म्हणाला. "आता त्यांना एवढ्या लांब कशाला यायला लावू?"