शेजाऱ्याची पट्टी

राज्यें सीमांसाठीं लढलीं हें इतिहास आवर्जून सांगतो. परंतु दोन घरांमधील गडग्यापायीं किती कुळें झिजलीं याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. शेजाऱ्याकडून जमिनीची चिंचोळी पट्टी विकत घेणें हा व्यवहार वरकरणी क्षुद्र खरा. पण न्याय्य किंमत म्हणजे काय, हा प्रश्न त्यांत जितका उघडा पडतो तितका मोठ्या बाजारांतही पडत नाहीं.

मालवण तालुक्यांतील कट्ट्यासारखें एखादें गांव डोळ्यांसमोर आणावें. चिऱ्यांच्या गडग्यांनीं वेढलेलीं परसें, उतारावर भरड, खालीं भाताचे कुणगे. आणि वाटण्या होतां होतां एकेका सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग, त्यांतले पुष्कळसे मुंबईस. अशा वाटणींत आठ फूट रुंद व एकशें छत्तीस फूट लांब, म्हणजे जेमतेम एक गुंठ्याची पट्टी वेगळा पोटहिस्सा होऊन उरते. तिऱ्हाइतास ती कवडीमोलाची. लगतच्या धन्याच्या घरापर्यंत मात्र तिच्यावांचून गाडी जात नाहीं.

कायद्यानेंही येथें शेजाऱ्यास विशेष स्थान दिलें. शेतीचे तुकडे वाढूं नयेत म्हणून मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं जो तुकडेबंदीचा कायदा झाला, त्यानें तुकडा म्हणून नोटीस लागलेली जमीन लगतच्या जमिनीच्या धन्याखेरीज इतरांस विकण्यास मनाई केली. पुढें त्यांत सवलती आल्या. पण मूळचा नैतिक पेंच कायम आहे. हेतु शेतीच्या हिताचा, परिणाम असा कीं विकणाऱ्यापुढें गिऱ्हाईक एकच उरतें. अशा ठिकाणीं ठरतो तो जमिनीचा भाव, कीं एकाच्या गरजेचें माप?

कोणी म्हणेल, दोघांच्या राजीखुषीनें ठरली ती किंमत न्याय्यच. आम्हांस हा युक्तिवाद अपुरा वाटतो. घरांतल्या आजारपणासाठीं ज्याला उद्यां सकाळीं पैसा हवा आहे, त्याच्या राजीखुषीला कितीसा अर्थ? अर्थात् हाच न्याय उलट बाजूसही लागतो. शेजाऱ्याची वाट अडली आहे हें हेरून गुंठ्याला एकराचा भाव सांगणारा मनुष्य जमीन विकीत नसतो, शेजाऱ्याची अडचण विकीत असतो.

जमिनीचें हस्तांतर सहा गोष्टींनीं पुरें होतें, या जुन्या वचनाचा विचार विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत केला आहे. त्यांत गांव, भाऊबंद, शेजारी व दायाद यांची संमति आहे. शिवाय सोनें आणि उदक. शेजाऱ्यांची संमति कशाला, तर हद्दीचा वाद उरूं नये म्हणून, असा त्याचा खुलासा आहे. किंमत चार दिवसांत खर्चून जाते. हद्द आणि शेजारी दोन्ही मागें राहतात, हें त्यानें ओळखलें होतें.

चांगली किंमत देऊं केली म्हणजे विकत घेण्याचा हक्क मात्र उत्पन्न होत नाहीं. बायबलांतील अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठीं हवा होता. त्याबदल्यांत अधिक चांगला मळा किंवा रोख रक्कम द्यावयास तो तयार होता. वाडवडिलांचें वतन म्हणून नाबोथानें नकार दिला आणि त्यापायीं प्राण गमावला. राजाची किंमत हलकी नव्हती. त्याला नकार सोसला नाहीं, तेथें अन्यायास आरंभ झाला.

तेव्हां आमच्या मतें, दोघांपैकीं कोणासही निकड नसती तर जो भाव ठरला असता तो पाया धरावा आणि पट्टी जोडल्यानें घेणाऱ्याच्या जमिनीचें मोल जें वाढेल त्यांत विकणाऱ्यास वाटा द्यावा. निकडीच्या वेळीं आधीं उसने द्यावे, खरेदीची गोष्ट मागाहून बोलावी. उसने बुडण्याची भीति खोटी नाहीं. पण अडलेल्याकडून लिहून घेतलेल्या खताची टोंचणी त्याहून दीर्घकाळ टिकते. मोजणी उभयतांसमक्ष व्हावी. पावसाचें पाणी कोठून जाईल, वाट कोणाची, बांधावरचा माड कोणाचा, हें सारें खरेदीखतांत लिहून तें नोंदवावें. लिहून ठेवणें हा अविश्वास नव्हे. आज एकमेकांवर विश्वास असलेल्या दोघांनीं, उद्यां एकमेकांस न ओळखणाऱ्या आपल्या मुलांसाठीं केलेली ती तरतूद आहे.