शंकासमाधान : वहीत लिहिलेलं पाप

शंका : पांढरकवड्याच्या बाजूला गावोगाव फिरून मी कापूस घेतो. रोज रात्री प्रार्थनेआधी दिवसभराच्या चुका वहीत लिहितो. 'लोभ केला', 'खोटं बोललो', पानोपानी तेच. ओलाव्याच्या कपातीत थोडं इकडंतिकडं होतं, धंद्यात सगळेच करतात. लिहिलं की बरं वाटतं, सकाळी पुन्हा तसंच. असं असताना प्रभुभोजन घ्यावं का?

समाधान : तुमच्या वहीत लोभ आहे, पण तो कुणाच्या कापसावर केला ते नाही. उद्यापासून शेतकऱ्याचं नाव लिहा आणि त्याचे किती किलो जास्त कापले तेही लिहा. मग वही मिटून झोपणं जड जाईल. ते जड जायलाच हवं. आज लिहून जे बरं वाटतं, त्यात त्या शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय आठवा. तोही लोकांकडून पैसा गोळा करणाराच. ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो, असं तो येशूसमोर उभा राहून बोलला. तुम्ही निदान कापलेलं तरी पोचतं करा. 'सगळेच करतात' हे वाक्य मात्र वहीत नको. परीक्षा तुमची आहे, बाजाराची नव्हे.

एकट्यानं हे निभत नाही. यवतमाळच्या फ्री मेथडिस्ट मंडळीची परंपरा ज्या जॉन वेस्लीपर्यंत जाते, त्यानं १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलं ते प्रत्येकानं सांगायचं. गटात घेण्याआधीच विचारत, तुझे दोष तुला कुणी तोंडावर सांगितलेले चालतील का? तुम्हीही असा एक माणूस शोधा. तो नात्यातला नको, धंद्यातलाही नको, आणि पोटात गोष्ट ठेवणारा हवा. पाळकांशी बोललात तरी चालेल. प्रार्थनासभेत साक्ष म्हणून हे उघड करण्याची घाई मात्र करू नका; लहान मंडळीत दुसऱ्यांची नावंही त्यात ओढली जातात.

प्रभुभोजनाचं म्हणाल तर पौलाचं अर्धंच वाक्य आपण ऐकतो. करिंथकरांना तो स्वतःची परीक्षा करायला सांगतो, आणि मग भाकर खायला सांगतो. दूर बसून राहा असं तो म्हणत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे आधी त्या शेतकऱ्याच्या दारी जा, मग मेजाशी या. तो घरी भेटला नाही तर पुन्हा जा. आणि हिशेब चुकता केल्यावरही मन खात राहिलं, तर योहानाच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा : देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे.

शंका : लेंटमध्ये उपास धरला की माझी चिडचिड होते, घरचे वैतागतात. उपास सोडू का?

समाधान : यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपास करून भांडणाऱ्यांनाच सुनावतो. ताई, चिडचिड आधीच आत होती, भुकेनं ती वर आली. कुणावर आणि कशावरून चिडलात ते पाहा. तब्येत साथ देत नसेल तर जेवा, आणि त्या आठवड्यात ज्याच्यावर ओरडलात त्याला स्वतः वाढा.