दाद उशिरा आली तरी चालेल

1921 साली इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून आला, तेव्हा नव्या राजवाड्याच्या सामानात त्याला दोन पियानो सापडले. दोन्ही कोरे आणि दोन्ही निकामी. माळव्याच्या कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या, पट्ट्या अडकत होत्या. 'द हिल ऑफ देवी' या आपल्या पुस्तकात त्याने हे नोंदवून ठेवले आहे. फॉर्स्टर स्वतः पियानो वाजवत असे, म्हणून ही नोंद जास्तच चटका लावते.

आज देवासला किंवा धारला बसून चांगला पियानो ऐकायचा तर तो बहुधा पडद्यावरच. मला त्यात काही उणे वाटत नाही. 2020च्या टाळेबंदीत पियानोवादक इगोर लेविट बर्लिनच्या घरातून रोज संध्याकाळी वाजवू लागला, तेव्हा कितीतरी एकट्या माणसांना त्याचा आधार झाला. माझी तक्रार आहे ती पडद्याच्या कडेला सरकत राहणाऱ्या प्रतिक्रियांबद्दल.

अलीकडे अशाच एका मैफलीत शोपँचा इ मायनर प्रेल्यूड ऐकत होतो. डाव्या हाताचे स्वरमेळ पायरी पायरीने खाली उतरत जातात, शेवटाशी एक स्वरमेळ अर्धवट लटकतो आणि सगळे थांबते. ती शांतता रचनेचाच भाग आहे. तिच्यानंतर तीन संथ स्वरमेळ येऊन रचना मिटते. नेमक्या त्या शांततेत पडद्यावर टाळ्यांची चित्रे उसळली. 'आवाज येतोय ना?' असे कुणी विचारले, दुसऱ्याने आपल्या गावाचे नाव लिहिले. शेवटचे तीन स्वरमेळ मी ऐकले खरे, पण वाचता वाचता.

याला श्रोत्यांचा सहभाग म्हणतात. पण सहभाग ही काही नवी गोष्ट नाही. पियानोवादक लिस्टने मिलानमध्ये श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या आणि त्यांतले विषय घेऊन तो जागच्या जागी वाजवत असे. आपल्या मैफलीत समेवर पडलेली दाद गवयाच्या कानावर पडते आणि पुढचे आवर्तन तिच्यामुळे बदलू शकते. दोन्ही ठिकाणी श्रोत्याचे म्हणणे कलावंतापर्यंत पोचते. ऑनलाइन मैफलीत प्रक्षेपणच काही सेकंद मागे असते आणि वादकाची नजर पट्ट्यांवर असते. तेव्हा ती 'वाहवा' त्याच्यासाठी नसतेच. ती शेजारच्या श्रोत्याला दाखवण्यासाठी असते.

लगेच दिलेलाच प्रतिसाद खरा, ही समजूत मला मान्य नाही, आणि याचा दाखला देवासातच आहे. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन इथे आले. गाणे बंद झाले. सुमारे पाच वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. गळा गप्प होता, कान मात्र उघडे होते. आसपासची, रस्त्याने जाणारी माणसे माळवी गाणी गात आणि ते पडल्या पडल्या ऐकत. त्या ऐकण्याला त्या घडीला ते काय उत्तर देणार? उत्तर पुढे आले, धुनउगम म्हणजे लोकधुनींतून उगवलेल्या रागांतून. मालवती आला, लगनगंधार आला. त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ छापून आला तो 1965 साली. एवढा काळ आत मुरलेली दाद मी सहभागाची फार वरची पायरी मानतो.

म्हणून ऑनलाइन मैफली ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. फर्माइशी आधी मागवा, प्रश्न शेवटी घ्या, वादकाला त्यांची उत्तरे द्यायला निवांत वेळ ठेवा. धार-देवासच्या रसिकांनी एकेकट्याने फोनवर ऐकण्याऐवजी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, बऱ्या स्पीकरवर, पंधरा-वीस जणांनी मिळून ऐकावे. मान डोलली तर शेजाऱ्याला दिसेल. आणि वादन चालू असताना प्रतिक्रिया बंद ठेवा. तो प्रेल्यूड जेमतेम दोन मिनिटांचा आहे.