मोत्यांचा छंद आणि अनर्थदंड

जैन श्रावकाच्या बारा व्रतांत एक व्रत अनर्थदंडापासून दूर राहण्याचे आहे. जिथे आपली कसलीच गरज भागत नाही, तिथे उगाच जिवाला इजा पोहोचू देऊ नये, एवढा त्याचा साधा आशय. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापाचा उपदेश, हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, वाईट चिंतन, वाईट श्रवण आणि प्रमादचर्या, म्हणजे बेफिकिरीने वागणे. आमच्या स्वाध्यायात हा भाग निघाला की मला घरातला मोत्यांचा डबा आठवतो. मी हौसेने मोत्यांचे दागिने करते. नथ, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या. त्यावर घर चालत नाही आणि मी ते केले नाहीत तर कुणाचे अडणारही नाही. मग शिंपल्याच्या जिवावर उभी राहिलेली ही हौस अनर्थदंडात मोडते का?

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले फलटण. तिथे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून जतन केले आहेत. मूळ ताडपत्रे मूडबिद्रीला. ती कधीतरी झिजतील म्हणून तांब्यावर अक्षरे उतरवली. अशा गावात वाढलेल्या मुलीला शास्त्र एका खोलीत आणि हौस दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही.

गाठवणे मी सांगलीला, सासरी शिकले, सासूबाईंकडून. पूर्वी पटवेकरी रेशमात दागिने गाठवून द्यायचे. त्यांच्या ओट्यावर बसून, बघून बघून सासूबाईंनी हात बसवला होता. प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ, आणि ती मोत्याला अगदी चिकटून बसली पाहिजे. सैल राहिली तर मोती हलत राहतो आणि भोकाची कड दोरा कापते. फार आवळली तर सर ताठ होतो, गळ्यावर नीट पडत नाही. गाठी असल्या की मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखादाच मोती घरंगळतो. तन्मणीत सगळ्या सरांची लांबी सारखी लागते, नाहीतर मधले खोड एका बाजूला कलते. चिंचपेटीत पेट्यांच्या मधले मोती एका मापाचे नसले की पट्टी गळ्याभोवती वाकडी बसते. नथीचे काम सर्वांत नाजूक. बारीक मोती तारेत ओवून तार वळवताना हात जड पडला, तर भोकाशी मोत्याचा पापुद्रा उडतो, आणि तो पुन्हा बसवता येत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातले विटा-खानापूरकडचे गलाई कारागीर देशभर सोने-चांदी गाळायला जातात. सोने गाळून पुन्हा नवे करता येते. मोत्याला ती सोय नाही.

मोती कसा होतो याची आपल्याकडची गोष्ट फार सुंदर आहे. स्वाती नक्षत्रात पावसाचा थेंब शिंपल्यात पडतो आणि त्याचा मोती होतो. या गोष्टीत सुरी कुठेच नाही. प्रत्यक्षात एखादा परजीवी किंवा परका कण शिंपल्याच्या आत शिरतो, मऊ अंगाला इजा होते आणि तो जीव त्या जागेभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर चढवत राहतो. ज्याला आपण मोत्याचे पाणी म्हणतो, ते या थरांतून परतणाऱ्या उजेडाचे. जुन्या घरांत जपलेले बसऱ्याचे मोती इराणच्या आखातातले. पाणबुडे श्वास रोखून तळाशी जात आणि एका चांगल्या मोत्यासाठी कितीतरी शिंपले उघडून टाकावे लागत. १८९३ मध्ये जपानात कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती मिळवला आणि पुढे मोत्यांची शेतीच सुरू झाली. आज बाजारात कल्चर म्हणून मिळणारा मोती बहुतेक वेळा चीनच्या गोड्या पाण्यातला असतो. त्यासाठी एक शिंपला मारून त्याच्या अंगावरच्या पातळ पडद्याचे तुकडे करतात आणि ते दुसऱ्या जिवंत शिंपल्यात बसवतात. काही वर्षांनी मोती काढताना हा दुसराही बहुधा मरतो.

शास्त्राने शंख-शिंपल्यांना द्वींद्रिय म्हटले आहे. स्पर्श आणि रस ही दोनच इंद्रिये त्यांना आहेत. पण द्वींद्रियापासून पुढचे सगळे जीव त्रस, म्हणजे हलणारे-चालणारे, आणि जाणूनबुजून त्रस जिवाची हिंसा करू नये हे गृहस्थाचे पहिलेच अणुव्रत. शिंपला त्या व्रताच्या कुंपणाच्या आत आहे, एवढे नक्की.

हिंसेचे चार प्रकार आम्हाला लहानपणापासून पाठ असतात. मुद्दाम केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्ण सोडायची. घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या कामात होणारी उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा शक्य तेवढी कमी करायची. या चौकटीत छंदाला जागाच सापडत नाही. छंद काही घरकाम नव्हे, की पोटाचा उद्योगही नव्हे. शिंपला मी मारत नाही हे खरे, पण जैन विचार कृताबरोबर (स्वतः केलेले) कारित (करवून घेतलेले) आणि अनुमोदित (संमती दिलेले) यांचाही हिशेब मांडतो. नवा मोती विकत घेणे ही अनुमोदनाच आहे. यातून पळवाट काढलेली मला पटत नाही.

पुष्कळजण श्रीमद् राजचंद्रांचा दाखला देतात. गांधीजींचे रायचंदभाई मुंबईत जवाहिऱ्याचा व्यापार करत आणि मोत्या-हिऱ्यांचे जाणकार होते, हे गांधीजींनीच आत्मकथेत लिहिले आहे. व्यवहार संपताच ते धर्माच्या पुस्तकाकडे किंवा आपल्या टिपणवहीकडे वळत, हेही तिथेच आहे. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांचा तो उद्योग होता. त्यांच्या उद्योगाला मिळणारी सवलत माझ्या हौसेने मागू नये.

नणंदेने एकदा सुचवले, "वहिनी, काचेचे मोती वापरा की, प्रश्नच मिटला." तोही तेवढ्याने मिटत नाही. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये नकली मोती करण्यासाठी काचेच्या पोकळ मण्यांत माशांच्या खवल्यांची चकाकी भरायला सुरुवात झाली, आणि पुढे बराच काळ चांगल्या नकली मोत्याचे पाणी माशाकडूनच आले. आता कृत्रिम रंगद्रव्ये आली आहेत, म्हणून घेताना विचारून घ्यावे. आणि दोऱ्याचे काय? मोत्याबद्दल बोलणारे दोऱ्याबद्दल बोलत नाहीत. परंपरेने मोती रेशमात गाठवतात आणि रेशमासाठी कोषातल्या किड्यासकट कोष उकळतात. मी नायलॉनचा दोरा वापरते. गाठ थोडी निसरडी बसते, हात जास्त सांभाळावा लागतो.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या आधी प्रमाद सांगितला आहे. गाठवण्याचे काम प्रमादाला जागा देत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. मन जरा इकडेतिकडे गेले की गाठ मोत्यापासून दूर पडते. एवढ्यावर छंद निर्दोष ठरतो, असे मात्र म्हणवत नाही. मोत्याचे पाणी उजेडात धरून बघताना मनाला होणारे सुख हा रागच, म्हणजे आसक्तीच, आहे. आमच्या दिगंबर बस्तीत, म्हणजे मंदिरात, तीर्थंकरांच्या मूर्तीवर एकही दागिना नसतो. शेजारणी गणपतीला, अंबाबाईला हार वाहतात, आमच्याकडे फार तर पद्मावतीदेवीला साज चढतो. मी केलेली सर्वांत सुबक वस्तूही जिनमूर्तीसमोर ठेवण्याची नव्हे, हे हात जोडताना रोज कळते.

मग दान? लग्नातल्या मुलींना मी नथी करून देते. पण शास्त्रातली दाने चार: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. त्यात दागिना नाही. इथे मला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. भाऊराव सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या जैन घराण्यातले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. दागिन्याचे आहारदान आणि ज्ञानदान कसे होते, हे त्यांच्याइतके स्पष्ट कुणी दाखवलेले मला माहीत नाही. ती माझी ताकद नव्हे. तो आदर्श आहे आणि तो समोर ठेवूनच मी डबा उघडते.

माझ्या छंदाला कारण मिळाले ते २०१९ च्या पुरात. ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली, कपाटेच्या कपाटे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या बायका चिखलाने माखलेल्या डब्या घेऊन आल्या. आजीचे, पणजीचे सर होते, रेशीम कुजून गेलेले. मोती मऊ ओल्या फडक्याने पुसले, सावलीत वाळवले, पुन्हा गाठवले. त्या कामात कुठल्याही शिंपल्याला नवी इजा झाली नाही, आणि कुणाचे तरी अडलेले होते. अनर्थ या शब्दाला तिथे जागा नव्हती.

तेव्हापासून मी नवा मोती आणत नाही, जुन्यांचेच काम करते. जुना सर बघून एखादीला नवा घ्यावासा वाटेल, हा आक्षेप उरतोच आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या शिंपल्याचा मोती चिखलात टाकून त्या जिवाला काही परत मिळत नाही. नव्याची खरेदी अनर्थदंड आहे आणि जुन्याची जपणूक नाही, असा माझा निर्णय आहे.

तुमच्या घरी तुटलेला सर डबीत पडून असेल तर नवा घेण्याआधी तो गाठवून घ्या. दोरा रेशमाचा नको, असे आधीच सांगा. जवळ गाठवणारे कुणी नसेल तर स्वतः शिका. बारीक सुई, नायलॉनचे रीळ आणि खिडकीतला उजेड एवढे त्याला पुरते.