अपरिग्रह कोणी पाळायचा?

पतंजलींच्या यमांत आणि जैनांच्या महाव्रतांत अपरिग्रह आहे, पण आपण तो संन्याशाचा धर्म समजतो. माझ्या मते त्याची खरी गरज ज्याच्याकडून काही परत घेता येत नाही, त्याला आहे. उदाहरणार्थ, शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. त्याच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याने कितीही हाव धरली तरी वरून उरेल तेवढेच पाणी त्याला मिळते. मुखाशी असलेल्याची हाव खालच्या सगळ्यांची पाळी बुडवते. संगणकात मुखाशी असतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्समध्ये साध्या प्रोग्रॅमची मेमरी गरज पडल्यास डिस्कवर हलवता येते आणि तो बंद केला की जागा मोकळी होते. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी अशी हलत नाही. त्याने सोडायची विसरलेली जागा बहुधा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत अडकूनच राहते.

कोणी म्हणेल, यंत्राला लोभ नसतो, मग व्रत कसले? पण मेमरी कोणत्या अटीवर मागायची हे माणूस लिहितो. ‘जीएफपी_कर्नल’ लिहिले तर मागणारा थांबायला तयार असतो. ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’ लिहिले तर तो थांबू शकत नाही, म्हणून त्याला राखीव साठ्यात हात घालता येतो. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची तातडीची हाक, हाताळताना ही सवलत रास्तच आहे. थांबणे शक्य असताना केवळ सोयीसाठी ती घेणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीसाठी ठेवलेले उचलणे, आणि हे मी नैतिक चूक मानतो.

मग राखीव साठा हाच परिग्रह नव्हे का? नाही. मेमरी संपत आली की ती मोकळी करण्याच्या कामालाही थोडी मेमरी लागते: मेमरीची पाने डिस्कवर लिहायची तर त्याची नोंद कुठेतरी ठेवावी लागते. साठा नसेल तर सोडवणाराच अडकतो. जेफ बॉनविक यांनी 1994 साली मांडलेला स्लॅब अ‍ॅलोकेटर, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी वाटण्याची एक पद्धत, हाही वापरून झालेल्या वस्तू पुन्हा वापरण्यासाठी तयार ठेवतो, पण ताण आला की रिकामे स्लॅब परत करतो. मागितल्यावर सुटते ते साठवणे मला परिग्रह वाटत नाही.

अवघड आक्षेप वेगळाच आहे. मेमरी उरलीच नाही तर लिनक्स एखादा प्रोग्रॅम मारून टाकतो, बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला. त्याचा दोष असतोच असे नाही. आधी सगळ्यांना मिळून असेल त्याहून जास्त कबूल केलेले असते. इथे मोडतो तो अपरिग्रह नव्हे, सत्य. कडक हिशेब ठेवून मागणी आधीच नाकारण्याची सोय लिनक्समध्ये आहे. तिच्यापायी जागा मोकळी असतानाही कधी नकार मिळेल. चालू काम मध्येच मरणे परवडत नाही अशा यंत्रावर तो नकार पत्करावा.