मासा मोजताना जाळंही मोजा

१८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवायला नेमलं. याच साइक्सने १८३९ साली खुद्री या महसिराचं शास्त्रीय वर्णन केलं आणि पुढे तो लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचा अध्यक्ष झाला. आपल्या नद्यांतला मासा आणि आकडा यांची सोयरीक एवढी जुनी आहे.

आता संभाजीनगरच्या परिसरात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पैठणच्या धरणातले, म्हणजे नाथसागरातले रोहू, कटला, मृगळ मोजपट्टीवर ठेवतात. लांबी घेतात, वजन घेतात आणि लांबी वाढली की वजन तिच्या कितव्या घाताने वाढतं ते काढतात. घातांक ३ आला, तर मासा अंगलट न बदलता वाढतोय; लांबी दुप्पट झाली की वजन आठपट. तोच २.८ आला, तर वजन सातपटच भरतं, म्हणजे मासा वाढता वाढता सडपातळ होतोय. मग निष्कर्ष तयारच असतो: खाद्य कमी पडतंय, पाणी बिघडलंय.

हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. नमुन्याचे मासे बहुतेकदा भोयांकडून घेतलेले असतात, आणि मासा कल्ल्यापाशी अडकवणारं जाळं लांबी पाहत नाही, घेर पाहतं. एकाच आसाचं, म्हणजे एकाच मापाच्या भोकांचं जाळं लावलं, तर लहान माशांपैकी गुबगुबीत तेवढे अडकतात, बारीक आरपार निघून जातात. मोठ्यांच्या बाबतीत उलटं होतं. जाड माशाचं डोकं आसात शिरतच नाही, सडपातळ मात्र सापडतो. म्हणजे हाती येणारे लहान मासे सरासरीहून भारी आणि मोठे सरासरीहून हलके. अशा नमुन्याचा घातांक ३ च्या खाली घसरणारच, धरणातले मासे कितीही धडधाकट असोत. आपण अंगलट मोजली असं समजतो, पण त्या आकड्यात जाळ्याचा आसही मिसळलेला असतो.

सहसंबंधाचा आकडा इथे मदतीला येत नाही. बोटभर पिल्लापासून हातभर माशापर्यंत सगळे एका आलेखावर मांडले, की तो ०.९ च्या वर जाणारच. लांब मासा जड असतो एवढंच त्यातून कळतं. ऋतूचाही घोळ आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मादीच्या पोटात गाभोळी असते, ते वजन अंगाचं समजून चालत नाही.

म्हणून वहीत लांबी-वजनाशेजारी आणखी तीन रकाने हवेत: जाळ्याचा आस, महिना, नर की मादी. शक्य असेल तिथे वेगवेगळ्या आसांची जाळी एकत्र लावावीत. दोन वर्षांचे घातांक ताडून धरण सुधारलं की बिघडलं हे ठरवायचं, तर दोन्ही वर्षी जाळं तेच होतं का हे आधी माहीत हवं. तो आस कोणता, हे मासा विकणारा भोई तिथल्या तिथे सांगू शकतो. त्याला विचारलं पाहिजे, कारण असल्या आकड्यांवर धरणात किती मत्स्यबीज सोडायचं हे ठरू लागलं, तर हिशेब चुकल्याचा पहिला फटका त्यालाच बसेल.